परीक्षक कोरा हवा

ज्या माणसानं उभ्या आयुष्यात एका पुस्तकाबद्दलसुद्धा स्वतःचं मत दिलं नाही, त्याला परीक्षक नेमलं, आणि तेही कार्टूनचा, म्हणून झाशीच्या मराठी मंडळात त्या आषाढात बराच हशा पिकला.

मधुसूदन लघाटे कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त झालेले. पुस्तकं त्यांनी पुष्कळ वाचली होती, पण कुणी विचारलं, "लघाटेजी, यह किताब कैसी है?", की त्यांची धांदल उडायची. ते आधी प्रस्तावना वाचत, मग मलपृष्ठ, मग जुन्या मासिकांच्या गठ्ठ्यांतून त्या पुस्तकाची परीक्षणं हुडकून काढत, आणि शेवटी दबक्या आवाजात सांगत, "लोग अच्छी कहते हैं." आपल्याला ती आवडली की नाही, हा प्रश्न त्यांच्या मनात उगवेपर्यंत विचारणारा पुस्तक घेऊन घरी पोचलेला असे.

मंडळाचे सचिव दत्तात्रेय मोघे एका सकाळी घरी आले ते चपला काढता काढताच म्हणाले, "मधूकाका, तुम्हाला व्हिडिओ गेममधलं काही कळतं का हो?"

"नाही."

"आणि ते जपानी कार्टून असतं ते?"

"ॲनिमे!" आतून नात ओरडली.

"तेच ते. त्यातलं?"

"नाही बुवा. का?"

"झालं तर मग," मोघे खुर्चीत ऐसपैस बसले. "तुमच्याइतका लायक माणूस झाशीत शोधून सापडायचा नाही."

प्रकरण असं होतं. गणपतीत चौथ्या संध्याकाळी मंडळात सुगम संगीत असे. गेल्या वर्षी त्या संध्याकाळी स्टेजवर गायक, तबलजी आणि पेटीवाला, आणि खाली सतरंजीवर बहुतेक त्यांचेच नातेवाईक. तरुण पोरं तर आरतीला येत, मोदक घेत आणि पसार होत. या वर्षी बकुळनं, म्हणजे लघाट्यांच्या या नातीनं, कमिटीपुढे जाऊन ती संध्याकाळ मागितली. तिच्या बरोबर जयसिंग घोरपडे होता. त्याचे वडील साताऱ्याकडचे, फौजेत सुभेदार, झाशीजवळच्या बबिन्याच्या छावणीत बदली होऊन आले ते इकडचेच झाले. जयसिंग बिजौलीच्या एका कारखान्यात नोकरीला. दोघांचं म्हणणं एकच : मोठ्या पडद्यावर 'कुरोहामा' नावाचं ॲनिमे दाखवायचं. मूळचा तो एक गेम, त्यावरून नुकतीच आलेली ही मालिका; या दोघांनीही अजून नुसता ट्रेलरच पाहिला होता. हिंदी आवाज आहेत, त्यामुळे सगळ्यांना समजेल.

कमिटीतले निम्मे लोक गणपतीपुढे कार्टून म्हटल्यावर कानांवर हात ठेवून बसले. उरलेल्यांचा आक्षेप वेगळा होता. ज्यांनी तो गेम खेळलाय त्यांनाच ते कळणार, आम्ही काय तोंडाकडे बघत बसायचं? शेवटी मोघ्यांनी तोड काढली. आषाढातल्या एका रविवारी दुपारी पहिले तीन भाग मंडळात दाखवायचे. परीक्षक असा निवडायचा की ज्याला या विषयातलं ओ की ठो माहीत नाही. त्याला कळलं आणि आवडलं, तर गणपतीतली चौथी संध्याकाळ पोरांची. नाही तर पुन्हा पेटी-तबला, आणि यावर परत चर्चा नाही.

"आणि मधूकाका खोटं बोलायचे नाहीत, हे सगळ्यांना मान्य," मोघे म्हणाले. "खरं बोलायला उभे राहतील का, एवढीच काय ती शंका निघाली."

मधुसूदन 'नाही' म्हणणार होते. पण दारात बकुळ उभी होती. एलाइट चौराह्यावरच्या विमा ऑफिसात जायला निघालेली, खांद्याला पर्स, आणि चेहऱ्यावर असं काही की त्यांना 'नाही' म्हणवलं नाही.

मोघे गेल्यावर ती त्यांच्यासमोर येऊन बसली. "आजोबा, एकच शर्त. काही वाचायचं नाही. काही म्हणजे काहीच नाही. गूगल नाही, कुणाला पूछना नाही. तुम्ही कोरे यायचं. एकदम कोरा कागज."

"आणि मला नाही कळलं तर?"

"तर नाही कळलं म्हणायचं."

"आणि माझं ते न कळणं चुकीचं असलं तर?"

बकुळ हसली. "न कळणं चुकीचं कसं असेल, आजोबा? तेच तर पाहिजे आम्हाला. जयसिंग म्हणतो, जिसने खेला नहीं वो क्या समझेगा. मी म्हणते, गोष्ट चांगली असेल तर नवा माणूसही समजतो. तुम्ही बस बघा आणि सांगा." मग जरा थांबून म्हणाली, "या वेळी नाही झालं ना, तर ही पोरं मंडळात परत येणार नाहीत. मी पण कोणत्या तोंडानं बोलवू?"

तिनं हे सहज म्हटलं आणि ती ऑफिसला गेली. मधुसूदनांच्या मात्र डोक्यावर कुणी पाटा ठेवल्यासारखं झालं. म्हणजे आता आपल्या एका शब्दावर पोरीची अख्खी धडपड. आणि तो शब्द चुकला तर? एखादी अगदी सोपी गोष्ट आपल्या म्हाताऱ्या डोक्यात शिरलीच नाही आणि आपण भर सभेत सांगितलं की हे अगम्य आहे, तर? मंडळाचं दार पोरांना लावलं ते आजोबांनीच, असंच होणार ना?

दोन दिवस त्यांनी दम धरला. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी फडताळातून संस्कृत कोशाचा जाड खंड काढला, खुर्ची खिडकीशी ओढली आणि खंड उघडून त्याच्या आत मोबाइल धरला. शाळकरी पोरं पाठ्यपुस्तकात कादंबरी लपवतात, तसा. अक्षरं मोठी करून त्यांनी शोधलं : 'कुरोहामा गेम की कहानी'.

नुसतं तोंडओळखीपुरतं बघू, असं त्यांनी स्वतःला बजावलं होतं. विहिरीत पाय ओला करण्यापुरतं उतरणाऱ्याचं जे होतं, ते झालं.

कुरोहामा म्हणजे काळ्या वाळूचं एक बेट. तिथल्या नऊ घंटा मुक्या झाल्या आहेत आणि तेव्हापासून समुद्र रोज थोडा थोडा वर चढतो आहे. नाओ नावाची मुलगी त्या घंटा पुन्हा वाजत्या करायला एका म्हाताऱ्या नावाड्याच्या होडीतून येते. खेळताना नाओ बुडाली, पडली, मारली गेली, की खेळणारा पुन्हा त्याच होडीत जागा होतो, आणि नावाडी दर वेळी तेच एक वाक्य बोलतो. तो होडीतून कधीही उतरत नाही. कधीही म्हणजे कधीच नाही. खेळणाऱ्यांनी याच्यावर पानंच्या पानं लिहिली होती. कुणी म्हणे तो काळ आहे, कुणी म्हणे तो बेटाचा पहिला राजा, कुणी म्हणे तो खेळणाराच. एवढं भाष्य तर मधुसूदनांनी शास्त्रग्रंथांवरच पाहिलं होतं. ते हरखून गेले. नऊ घंटांची नावं, त्यांचे रक्षक, बेटाचा नकाशा, दोन वेगवेगळे शेवट, सगळं त्यांनी पालथं घातलं. एका माणसानं खेळताना केलेला लांबलचक व्हिडिओसुद्धा पाहिला, आवाज बंद ठेवून.

"कोश वाचताना हसताय काय?" त्यांच्या पत्नी शकुंतलाबाईंनी भाजी निवडता निवडता विचारलं.

"एक... एक धातू आहे गमतीचा," मधुसूदन म्हणाले आणि त्यांनी खंड मिटला, मोबाइलसकट.

शनिवारी जेवताना बकुळ आजीला सांगत होती, "आज्जी, पूरी झाँसी में एकच माणूस आहे ज्याच्यावर माझा भरवसा. बाकी सगळ्यांनी ट्रेलर तरी पाहिलाय. मंडळातल्या शारदाकाकूंच्या नातवानं तर त्यांना कहाणी पण सांगून टाकली. आजोबाच बस कोरे राहिले."

मधुसूदनांना ठसका लागला.

"पाणी प्या," शकुंतलाबाई म्हणाल्या. "वर बघा. वर."

ते वर बघत राहिले. छताकडे बघता बघता त्यांना पहिल्यांदा लख्ख कळलं की आपण काय करून बसलो. पोरीला परीक्षक हवा होता तो कोरा. आपल्यात एवढीच एक लायकी होती, आणि ती आपण कोशाच्या आड बसून पुसून टाकली. सांगावं का? आत्ता सांगितलं तर उद्या दुसरा परीक्षक कुठून आणणार? आणि नाही सांगितलं तर? नाही सांगितलं तर कुणाला कळणार आहे? या दुसऱ्या विचाराची त्यांना इतकी लाज वाटली की वाढलेला भातही त्यांनी बाजूला सारला.

रविवारी मंडळाच्या सभागृहात खिडक्यांना जाजमं लावून अंधार केला होता. मागच्या रांगांत कधी नव्हे ती तरुण पोरं दाटीनं बसली होती. काही मराठी, काही त्यांचे इकडचे दोस्त. पुढे खुर्च्यांवर कमिटी. आणि सगळ्यांच्या पुढे एक टेबल, त्यावर झाकण घातलेला पाण्याचा ग्लास, शेजारी नारळ, आणि पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात 'परीक्षक'. तिथे एकट्यानं बसायची मधुसूदनांची छाती होईना, म्हणून त्यांनी शकुंतलाबाईंनाही शेजारची खुर्ची घ्यायला लावली. त्या गणपतीसाठी कापसाची वस्त्रं करायचं सामान घेऊनच आल्या होत्या. अंधारातही त्यांची बोटं चालायची.

"मला त्यातलं काय कळतंय," त्या म्हणाल्या. "मी आपली माझं काम करीन."

पहिला भाग सुरू झाला. काळी वाळू, भरतीचं पाणी, धुक्यातून येणारी होडी. मग एकामागून एक माणसं येऊ लागली. घंटेचा रक्षक, त्याचा भाऊ, भावाचा शत्रू, बेटाची परिषद. प्रत्येक जण आपलं नाव सांगे, दुसऱ्या दोघांची नावं घेई आणि निघून जाई. मध्येच पांढऱ्या केसांची एक बाई उंच कड्यावर उभी राहिली, तिनं तलवार अर्धी उपसली, परत म्यान केली आणि नाहीशी झाली. मागे पोरांनी शिट्ट्यांनी सभागृह डोक्यावर घेतलं.

"ही कोण?" शकुंतलाबाईंनी विचारलं.

ती कोण हे मधुसूदनांना चांगलं ठाऊक होतं. सातव्या घंटेची रक्षक. तिचं नाव, तिच्या तलवारीचं नाव, ती खेळात किती उशिरा भेटते, आणि भेटल्यावर काय करते, हे सगळं त्यांच्या जिभेच्या टोकावर आलं. "मला काय माहीत," ते म्हणाले.

दुसऱ्या भागात नाओ वाळूत रुतलेली घंटा दोरानं ओढू लागली. हातांना फोड आले, दोर सुटला, तिनं पुन्हा धरला. नावाडी होडीत बसून बघत होता. "जल्दी क्या है, बेटी," तो शांतपणे आपलं ठरलेलं वाक्य म्हणाला, "पानी कहीं नहीं जाता."

"अहो, हा म्हातारा उतरत का नाही?" शकुंतलाबाईंची बोटं थांबली.

"उं?"

"पोर एवढी जड घंटा ओढतेय आणि हा मेला बसून राहिलाय. पाय मोडलेत का त्याचे?"

"श्श."

"श्श काय? उतरायला काय होतं?"

त्यांनी बजावूनसुद्धा बाई दर दोन मिनिटांनी तेच विचारत राहिल्या. मागच्या रांगेत पोरं हसू दाबत होती. मधुसूदन मात्र मनात म्हणत होते, 'तो उतरत नसतो. तसा नियमच आहे. यावर मोठमोठ्या लोकांनी लिहून ठेवलंय.'

तिसरा भाग. दुसरी घंटा समुद्राच्या तळाशी. नाओ कंबरेला दोर बांधून खाली जाते, घंटेचा लोलक सोडवते, आणि वर येताना दोर खडकाला अडकतो. पडद्यावर निळं पाणी काळं होत गेलं. बुडबुडे येईनासे झाले. शकुंतलाबाईंनी हातातला कापूस मुठीत घट्ट आवळून धरला होता.

मधुसूदन तेवढे निवांत होते. आता ती होडीत जागी होणार. नावाडी ते वाक्य बोलणार. ते खुर्चीत मागे रेलून बसले.

पडद्यावर नावाड्यानं वल्हं खाली ठेवलं. पाण्याकडे पाहिलं. मग धोतरासारखं काहीतरी नेसला होता ते गुडघ्यापर्यंत खोचलं, आणि एक पाय होडीबाहेर टाकला.

"अरे! उतरला कसा?"

आवाज परीक्षकाच्या खुर्चीतून आला होता. आणि नेमका त्याच क्षणी मागच्या रांगेतून दुसरा आवाज आला होता, "अबे, उतरा कैसे!" तो जयसिंगचा.

भरल्या सभागृहात ओरडले ते एवढे दोघंच. गेम खेळलेली बाकीची पोरं आ वासून बसली होती, आणि न खेळलेल्या कुणाला त्यात ओरडण्यासारखं काही दिसलं नव्हतं. दिसणार कसं? म्हातारा कधीच उतरत नसतो, हे ज्याला ठाऊक, त्यालाच तर धक्का बसणार. जयसिंग उठून उभा राहिला आणि परीक्षकाच्या पाठीकडे टक लावून बघू लागला. बकुळनं लॅपटॉपवर चित्र थांबवलं. तिनं आधी जयसिंगकडे पाहिलं, मग आजोबांकडे. पडद्यावर नावाडी एक पाय पाण्यात टाकून गोठला होता.

"आजोबा?" ती म्हणाली.

मधुसूदनांनी टेबलावरचा नारळ उगाच सरळ करून ठेवला.

"अगं, थांबवलंस काय?" शकुंतलाबाई कडाडल्या. "चालू कर आधी! बुडेल ना ती!"

सगळे खो-खो हसले, आणि बकुळला चालू करावंच लागलं. नावाड्यानं बुडी मारली. बराच वेळ पाण्यावर नुसती रिकामी होडी हलत राहिली. मग तो वर आला तो पोरीला खांद्यावर घेऊन. त्यानं तिला वाळूवर निजवलं, ती पाणी ओकली, तिनं डोळे उघडले. या खेपेला नावाडी ते नेहमीचं वाक्य बोलला नाही. त्याला बोलवेचना. शकुंतलाबाईंनी मुठीतल्या कापसानंच डोळे टिपले. मधुसूदनांना समोरचं धूसर दिसत होतं, आणि ते चष्म्यामुळे की आणखी कशामुळे, हे ठरवण्याच्या अवस्थेत ते नव्हते.

जाजमं निघाली, उजेड आला. मोघे ध्वनिक्षेपकापाशी गेले. "आता आपल्या प्रथेप्रमाणे परीक्षकांचं मनोगत. त्यांनी आपला निर्णयही द्यावा, ही विनंती."

टेबलापासून ध्वनिक्षेपकापर्यंतचं अंतर मधुसूदनांना झाशीपासून गुरसरायपर्यंतच्या रस्त्याएवढं लांब वाटलं. जाताना त्यांनी रिवाजाप्रमाणे सुरुवात जुळवून पाहिली, 'आदरणीय व्यासपीठ, आणि जमलेल्या रसिक'... पुढचं सुचेना. व्यासपीठावर कुणी नव्हतंही.

"मी बाद आहे," ते म्हणाले.

ध्वनिक्षेपकानं एक किंकाळी फोडली. मोघ्यांनी तो जरा लांब सरकवला.

"मला बकुळनं कोरं यायला सांगितलं होतं. मी सगळं वाचून आलो. मला... मला न वाचता मत देता येत नाही हो. कधीच आलं नाही. वाटलं, आपलं चुकेल. म्हणून आधीच सगळं पाहून ठेवलं. नऊ घंटा, नकाशा, सगळं." त्यांनी रुमालानं मान पुसली. नातीकडे बघायचं त्यांनी टाळलं. "त्याचं काय झालं, ते तुम्ही ऐकलंत. पोर बुडत होती. हा म्हातारा पाण्यात उतरला, तेव्हा तुमचा सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. आणि मी ओरडलो, की उतरला कसा! पोर बुडत होती आणि मला नियमाची पडली होती. असा परीक्षक काय कामाचा? त्या पोरांची संध्याकाळ माझ्यामुळे जाऊ नये. एवढंच. माफ करा."

मग बकुळचा आवाज आला. तो रागाचा आहे की नाही, ते त्यांना एकदम कळलं नाही.

"आजोबा, तुम्हाला शेवट पण माहीत आहे?"

"दोन्ही शेवट," मधुसूदन खाली मान घालून म्हणाले.

"दोन्ही?" जयसिंग मागून म्हणाला. "तीन आहेत, आजोबा."

"तिसरा?" मधुसूदनांनी झटकन मान वर केली. "तिसरा कुठे आहे? तो मला कसा नाही सापडला?"

सभागृहात हशाचा असा लोट उठला की कमिटीतल्या गंभीर मंडळींनाही आवरलं नाही. बकुळ तोंडावर हात घेऊन हसत होती. ती हसतेय हे दिसलं आणि कालपासून मधुसूदनांच्या छातीवर बसलेलं काहीतरी उठून चालतं झालं.

"ते सगळं ठीक," मोघे म्हणाले. "पण निकालाचं काय? परीक्षक बाद, म्हणजे..."

"परीक्षक आहेत," मधुसूदन म्हणाले. एकदा बोलून चुकल्यावर त्यांना पुढचं तितकं जड गेलं नाही. "माझ्या शेजारी बसल्यात. त्यांना यातलं काही माहीत नाही. मी साक्षीला आहे. मी एका अक्षरानं सांगितलेलं नाही, आणि त्यांनी विचारून विचारून माझा जीव खाल्लाय."

"अहो! सगळ्यांसमोर काय!" शकुंतलाबाई कापूस आवरू लागल्या. "मी नाही बाई. मी आपली वस्त्रं करायला आलेय."

"आज्जी, प्लीज."

"बसल्या जागेवरूनच सांगा, काकू," मोघे म्हणाले. "कळलं का?"

"पहिल्या भागात काही म्हणजे काही कळलं नाही," शकुंतलाबाई म्हणाल्या. बकुळचा चेहरा उतरला. "नव्या सुनेला लग्नघरात आणून बसवावं आणि माणसांनी यावं, 'मी तुझा हा, मी तुझा तो' म्हणावं, आणि निघून जावं, तसं झालं. ओळखीची माणसं आपसांत हसतात, ही बिचारी पदर सावरत बसते. आणि ती कोण ती पांढऱ्या केसांची? आली काय, गेली काय. तुम्ही शिट्ट्या मारल्यात, तेव्हा मला वाटलं माझंच काहीतरी हुकलं."

"आज्जी, वो तो गेम में..." जयसिंग सुरू झाला.

"गेममध्ये असेल रे बाबा. माझ्याकडे अजून आलेली नाही ना ती. येईल तेव्हा चहा देईन."

पोरांनी टाळ्या वाजवल्या. जयसिंगनं दोन्ही हात जोडले.

"मग नाही आवडलं म्हणायचं?" मोघ्यांनी विचारलं.

"असं कधी म्हटलं मी? लग्नघरात एखादी जाऊ येते आणि हळूच पाण्याचा तांब्या ठेवून जाते. मग सून तिलाच धरून राहते. मी त्या म्हाताऱ्याला धरून बसले. राग आला होता मला त्याचा. इतका वेळ नुसती वाट बघत होते, हा उतरतो कधी, उतरतो कधी. आणि उतरला!" त्यांचा आवाज पुन्हा जरा ओला झाला. "मला काही ते गेमबिम ठाऊक नाही. पण पुढचं दाखवणार असाल तर मी येईन. फक्त आरतीच्या वेळेला नको."

मोघ्यांनी कमिटीकडे पाहिलं. कमिटीनं एकमेकांकडे पाहिलं. आषाढातल्या रविवारी दुपारी झोप सोडून आलेली ही माणसं एकही जांभई न देता तीन भाग बसली होती, हे नाकारायला कुणापाशी तोंड नव्हतं. कानांवर हात ठेवणाऱ्यांतले एक वृद्ध गृहस्थ तेवढे म्हणाले, "शिट्ट्या मात्र नकोत. देव बसलेला असतो."

"नाही मारणार," मागून एकसुरात आवाज आला.

"मग चौथी संध्याकाळ तुमची," मोघे म्हणाले. "पत्रिकेत तसं छापतो. आणि बकुळ, पहिल्या भागाआधी कुणीतरी उभं राहून सांगा की बाबांनो, कोण कोण आहे ते."

"ते काम परीक्षकांना द्या," जयसिंग म्हणाला. "बाद वाले."

पांगापांग झाली तेव्हा बकुळ गर्दीतून वाट काढत आली. मधुसूदनांनी तोंड उघडण्याआधीच ती म्हणाली, "सगळं वाचलंत? नऊच्या नऊ घंटा?"

"चुकलंच माझं, बकुळ."

"हो, चुकलंच. मी किती नाराज व्हायचं ते घरी ठरवते." तिनं त्यांचा हात धरला आणि जरा दाबला. "पण आजोबा, खरं सांगा. तो उतरला, ते चुकीचं वाटलं? आत्ता, सगळं माहीत असताना?"

मधुसूदनांनी सवयीनं मनात चाचपून पाहिलं, याबद्दल कुणी काय लिहिलंय. काहीच हाताला लागेना. वाचलं होतं ते सगळं त्या न उतरणाऱ्या नावाड्याबद्दल होतं. या उतरलेल्यावर त्यांनी कुणाचंच काही वाचलं नव्हतं.

"बरं वाटलं," ते म्हणाले. "उतरला ते बरं केलं त्यानं." आणि हे मत आपलंच आहे, दुसऱ्या कुणाचं नाही, हे ध्यानात येऊन ते थोडे दचकले.

पोरं पडदा उतरवायला थांबली. मधुसूदन आणि शकुंतलाबाई नारळ घेऊन ई-रिक्षात बसले. रिक्षा एलाइट चौराह्याच्या गर्दीत अडकली. समोर टेम्पो, बाजूला दोन गाई, मागून हॉर्न. शकुंतलाबाईंनी मांडीवरचा नारळ सावरला.

"अहो," त्या म्हणाल्या, "तो म्हातारा आता जगेल का हो? पाण्यात गेलाय तो. या वयात."

मधुसूदनांनी तोंड उघडलं.

"नको!" शकुंतलाबाईंनी नारळासकट हात वर केला. "सांगाल तर बघा. तुम्हाला ठाऊक आहे ते तुमच्यापाशीच ठेवा. गणपतीत बघेन मी."

"बरं," मधुसूदन म्हणाले.

खरं तर त्यांनाही ठाऊक नव्हतं. तिन्ही शेवटांत नावाडी होडीतच असणार; पुढे काय व्हायचं ते आता कुठल्याच पानावर लिहिलेलं नव्हतं. टेम्पो हलला, रिक्षावाल्यानं "चलो भैया, चलो" म्हणत वाट काढली, आणि आपल्याला काय वाटतंय हे कुणालाही न विचारता मधुसूदन आरामात मागे टेकून बसले.